काठावरचा तानबा

आर्वीच्या एसटी स्टँडसमोर ‘गुल्हाने फोटो’ अशी पाटी आहे. तिच्याखाली काउंटरमागे जी बाई बसलेली दिसते आणि उगाच आत डोकावणाऱ्याला ‘काय पाहिजे?’ म्हणून दरडावते, ती मी, यशोदा. फोटो माझे मिस्टर काढतात, प्रफुल गुल्हाने. नवऱ्याचं नाव घेताना मी लाजत नाही, उखाण्यांची हौस लग्नातच फिटली. हे कॅमेरा धरतात, बाकी सगळं माझ्याकडे. गिऱ्हाईकाला कंगवा देणं, कॉलर सरळ करणं, कॉम्प्युटरवर मुरमं पुसणं, फोटो कापणं आणि भांडणं. फोटोत माणूस आहे तसाच येतो आणि तेच कोणाला पटत नाही, त्यामुळे भांडण रोजचंच.

दुकान मूळचं सासऱ्यांचं. त्यांनी ह्यांना चार गोष्टी शिकवून ठेवल्या होत्या. चेहरा मधोमध पाहिजे, मान सरळ पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि काठावर जे काही येईल ते कापून टाकायचं. सासरे गेले, रोल गेले, चार कॅमेरे बदलले, पण ह्यांनी त्या चार गोष्टी सोडल्या नाहीत. पन्नाशी आली तरी तेच. आर्वीत कोणाच्याही घरी जा, भिंतीवरची मंडळी आताच पोलीस चौकीतून सुटून आल्यासारखी ताठ. मी एकदा म्हटलं, अहो, जरा लोकांना हसू तरी द्या. तर म्हणाले, हसलं की मान हलते.

आता माझंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई नवऱ्यालाच नावं ठेवते. आमच्याकडे एक काम नेहमीचं असतं. घरातलं म्हातारं माणूस जातं आणि मग कळतं की त्याचा धड एक फोटो नाही. मग कोणी आधार कार्ड घेऊन येतं, कोणी लग्नाच्या घोळक्यातला नखाएवढा चेहरा आणतं. तो चेहरा मोठा करायचा, डाग पुसायचे आणि खाली कोट बसवायचा. हे काम माझं. कॉम्प्युटरमध्ये माझ्याकडे अकरा कोट आहेत. त्यातला निळा कोट आणि लाल पट्ट्यांचा टाय माझा सगळ्यात लाडका. आर्वी तालुक्यातले निदान दीडशे पुरुष तो एकच टाय घालून वर गेले असतील. वरती त्यांना कोणी गाव विचारायची गरज पडत नसेल. मला ह्या कामाचा फार अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

तानबालाही तोच कोट घातला मी.

तानबा म्हणजे आमच्या धान्य बाजारातला हमाल. तीस-पस्तीस वर्षं त्यानं सोयाबीनची पोती वाहिली. मागच्याच्या मागच्या पौषात एक दिवस दुपारी जेवला, बाजेवर आडवा झाला आणि उठलाच नाही. त्याचा मुलगा धीरज सेवाग्रामच्या दवाखान्यात वॉर्डात कामाला आहे, राहतो तिकडेच, पिपरी मेघ्यात. तो चौथ्या दिवशी आधार कार्ड घेऊन आला. म्हणाला, काकू, तेरवीला फोटो पाहिजे, बाबा एकदम सायबासारखे दिसले पाहिजेत. मी म्हटलं, काळजीच करू नको. दोन दिवस खपून मी तानबाला असा काही साहेब केला की तहसीलदारानं उठून खुर्ची द्यावी. गालाचे खड्डे बुजवले, कपाळाची घडी काढली, केसही थोडे जास्तीच दिले.

आठव्या दिवशी फोटो न्यायला धीरजबरोबर त्याची आई आली, रुख्माबाई. साठी उलटलेली, काटक बाई. मी फ्रेमवरचा कागद मोठ्या हौसेनं काढला. रुख्माबाईनं पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग फ्रेम उलटी करून मागंही पाहिलं, चुकून दुसऱ्याची तर आली नाही म्हणून.

“हा कोन व्हय?” तिनं विचारलं.

धीरज म्हणाला, आई, बाबाच आहेत. बाईनं मान हलवली आणि मटकन स्टुलावर बसली.

“बाई, कालपर्यंत डोये मिटले का बुढा दिसे मले. आता हा कोटवाला दिसून राह्यला. माह्या बुढ्याले कुठी धाडलं तुमी?”

मला रागच आला. एवढी मेहनत केली आणि वर हे ऐकायचं. मी फाडकन बोलून गेले की आधार कार्डावरून अजून काय येणार, तुमच्याकडे दुसरा फोटो असेल तर द्या. तर तिच्याकडे दुसरा नव्हताच. लग्नात फोटोवाला बोलावला नव्हता, आणि नंतर कोणाला वेळ होता. फोटो तिथंच ठेवून ती उठली. जाताना म्हणाली की दिवसभर तोच कोट डोळ्यांपुढं राहील आणि बुढ्याचं खरं तोंड पुसून जाईल, तिला त्याचंच भेव वाटून राह्यलं. हे ऐकल्यावर माझा राग जागच्या जागी विरघळला. तिचं म्हणणं खरं होतं. तो पुसायचा ब्रश माझ्याच हातात होता.

हे आतापर्यंत पडद्याजवळ उभे होते. त्यांनी रुख्माबाईला दारात थांबवलं आणि विचारलं, तानबा दिसायचा कसा? सव्वीस वर्षांच्या धंद्यात ह्यांनी कोणाला हा प्रश्न विचारल्याचं मी पाहिलं नव्हतं. बाई सांगू लागली. समोर असा सरळ तो कधी पाहायचाच नाही. हसला की मान उजवीकडे कलंडायची, डोक्याचा दुपट्टा मागं सरकायचा, मग तो एका बोटानं दुपट्टा वर करायचा आणि पुन्हा हसायचा. भुवयांवर सोयाबीनचा भुसा कायम. घरी येऊन तोंड धुतलं तरी भुवया तशाच.

ती गेल्यावर हे कितीतरी वेळ काउंटरला टेकून होते. डबा उघडला नाही. मग म्हणाले, “यशोदे, आपण हजारो माणसायचे फोटो काढले. असा एक तरी निघन का त्याच्यात?”

मी म्हटलं, कसा निघेल, तुमच्याकडे हलणारा माणूस बसतच नाही. पण तेवढ्यात माझ्या डोक्यात आलं की बाजार समितीचे सगळे कार्यक्रम आम्हीच तर काढतो. तानबा रोज तिथंच असायचा. कुठंतरी काठावर आला असेल. काठावरचं मी कापते ते गिऱ्हाईकाला देताना, मूळ फोटो तर आमच्याकडेच राहतो. जुन्या हार्ड डिस्क मी दिवाळीच्या चकलीच्या डब्यात ठेवते. तो डबा काढला आणि आम्ही बसलो शोधायला.

तेरवीला पाच दिवस होते. दुकानात दुसरं काही सुचेना. पासपोर्ट फोटोला आलेल्या लोकांवर मी जरा जास्तच खेकसले, ते आता सगळ्यांना सांगून बसले आहेत. एक गोष्ट मात्र तेव्हा ध्यानात आली. मधोमध उभे असलेले पाहुणे सगळ्या फोटोंत सारखेच होते, नारळ हातात, नजर कॅमेऱ्यात. जे काही चाललेलं होतं ते काठावर चाललेलं होतं. कोणी जांभई देतंय, कोणी पेढा खिशात टाकतंय, एक मास्तर दुसऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोय आणि दुसऱ्याला हसू आवरत नाही. हे माऊस थांबवून थांबवून पाहायचे. म्हणायचे, पाह्य, हा माणूस पाह्य. आणि मग म्हणायचे, ह्याला आपण कापला.

बाराव्या दिवशी सकाळी तानबा सापडला. सात वर्षांपूर्वी बाजारात नवा मोठा वजनकाटा बसवला, त्याच्या पूजेचा फोटो. मधात पाहुणे, आणि उजव्या काठाला अगदी चिकटून तानबा. मान कलंडलेली, दुपट्टा मागं सरकलेला, एक बोट कपाळाशी, भुवया भुशानं पिवळ्या, आणि तोंडभर हसू. तो कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हता. फोटोच्या बाहेर, उजवीकडे कुठंतरी पाहत होता. त्याच फाईलीशेजारी मी कापलेली प्रत होती, फक्त पाहुण्यांची. मला रडूच फुटलं. ह्यांनी पाणी आणून दिलं, हे त्यांचे उपकार.

मग आमचं खरं भांडण झालं. मी सवयीनं भुवयांवरचा भुसा पुसायला घेतला, तर ह्यांनी माझा हात धरला. राहू दे म्हणाले. मी म्हटलं, बरं, निदान चेहरा मधात तरी घ्या. तर तेही नाही. मागची पोती राहू द्यायची, काट्याचा कोपरा राहू द्यायचा, तानबा उजवीकडेच ठेवायचा. मी म्हटलं, अहो, हा फ्रेममधून खाली पडेल असा दिसतोय, तुमच्या वडिलांनी पाहिलं असतं तर कॅमेरा हिसकावला असता. ह्यांनी डोकं खाजवलं. म्हणाले, मलाही खटकून राह्यलं. माणूस ज्या बाजूनं पाहते त्या बाजूले त्याच्या नजरेला जागा लागते, आणि फोटो तर नेमका तिथंच संपते. पण त्याला इकडं सरकवला तर तो तानबा राहत नाही. शेवटी तसाच छापला. सासऱ्यांच्या चारही गोष्टी एका फोटोत मोडल्या आणि ह्यांचा चेहरा असा फुलला की लग्नातही मी तसा पाहिला नव्हता.

तेरवीच्या दिवशी आम्ही फोटो घेऊन गेलो. अंगणात मांडव, बायका पोळ्या लाटत होत्या. रुख्माबाई भिंतीला टेकून बसली होती. तिचा भाऊ नत्थूजी पुलगावहून आला होता, भला मोठा मिशीवाला माणूस, पण रडायला एक नंबर. बहिणीपेक्षा तोच जास्त रडत होता. ह्यांनी फ्रेम दारातूनच वर धरली. रुख्माबाईनं लांबूनच पाहिलं आणि उठून उभी राहिली.

“हाव,” ती म्हणाली. “हाच.”

जवळ आली, काचेवरून हात फिरवला. मग तिनं विचारलं की हा कोणाकडे पाहून राह्यला? ह्यांनी सांगितलं की ते काही माहीत नाही, फोटो काट्याच्या पूजेचा आहे. बाई पदर तोंडात कोंबून हसायलाच लागली. तेरवीच्या मांडवात बाई हसतेय म्हटल्यावर सगळ्यांच्या पोळ्या थांबल्या. एकीनं तिला दटावलंसुद्धा. पण तिचं थांबेना. कसंबसं तिनं सांगितलं ते असं की पूजेच्या दिवशी ती बाजारात तानबाचा डबा घेऊन गेलती, आणि पोहोचायच्या घाईत एका पायात स्वतःची चप्पल आणि दुसऱ्या पायात तानबाची. मोठमोठे पाहुणे बसलेले, आणि ही तशी चालत आली. तानबानं पाहिलं आणि त्याचं जे हसू सुटलं, ते आठ दिवस पुरलं. म्हणजे तो तिच्याकडेच पाहत होता. ती फोटोच्या काठाबाहेर दोन हातांवर उभी होती. एवढं सांगून झालं आणि मग ती रडली. नत्थूजी तर आधीपासून रडतच होता.

त्या दिवसापासून आमचे हे बदलले. सुरुवातीला फार वाईट बदलले. मोबाइलवर कोण्या फोटोवाल्यांचे व्हिडिओ पाहायचे आणि गिऱ्हाईकाला अर्ध्या अंधारात बसवायचे. बंडोपंत म्हणून आमच्या ओळखीचे रिटायर्ड हेडमास्तर आहेत, ते फोटो पाहून म्हणाले, प्रफुल, माझं अर्धं तोंड कुठं ठेवलं? पुढं महिनाभर सगळ्यांना खाली बसून, वर चढून, दरवाज्याआडून काढायचं खूळ होतं. मी गप बसले असं समजू नका. पण हळूहळू दुसऱ्यांचं गळून पडलं आणि ह्यांचं स्वतःचं उरलं. हे आता लाइट लावत नाहीत, दुकानाचं दार उघडं ठेवतात आणि माणसाला दाराच्या उजेडात बसवतात. ‘हसा’ म्हणत नाहीत, गप्पा मारतात. जिकडे माणूस पाहतो तिकडे जागा सोडतात. लोक विचारतात, हा अर्धा फोटो रिकामा काऊन सोडला? हे म्हणतात, रिकामा नाही, तिकडे तुमचं लक्ष आहे.

पण जित्त्या म्हाताऱ्या माणसांना फोटोला बसवणं म्हणजे कठीण काम. आमच्याकडे एकट्या माणसाचा मोठा फोटो म्हणजे हाराचाच फोटो. कोणी म्हणतं, मला घाई नाही. कोणी उठून चालू लागतं. अशात तानबाचं वर्षश्राद्ध झाल्यावर रुख्माबाई आपणहून दुकानात आली. म्हणाली, “माहा फोटो काढ. पण मले त्याच्याकडे पाहाचं हाय. त्याच्या बाजूले लावतो.”

हे माझ्याकडे पाहू लागले. तानबाच्या नजरेला जी जागा कमी पडत होती, ती कुठून आणायची ते ह्या बाईनं सांगितलं. फोटो वर्षभर तिच्यासमोर भिंतीवर होता, तिलाही ते खटकतच असणार.

बसवली तर बाई दगड झाली. पदर डोक्यावर, हात गुडघ्यांवर, श्वासही बंद. गप्पा मारल्या, चहा पाजला, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, पुन्हा दगड. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, मी येतो, आणि पडद्यामागं गेले. मला म्हणाले, कॅमेरा तू दाब. मग पडद्याच्या डाव्या बाजूनं बाहेर आले ते एका पायात त्यांचा बूट आणि दुसऱ्या पायात माझी लाल पट्ट्याची सँडल. एकावन्न वर्षांचा माणूस, टाच बाहेर लटकतेय, तरी चेहरा गंभीर ठेवून आपला लंगडत चाललाय. रुख्माबाईची मान माझ्या डावीकडे वळली, हात तोंडाकडे निघाला आणि अर्ध्यावरच राहिला, आणि तिचं ते सगळं हसू आलं. मी बटण दाबलं. सँडलचा पट्टा तुटला, तो अजून ह्यांनी शिवून आणलेला नाही.

दोन्ही फोटो तिच्या भिंतीवर शेजारी लागले. डावीकडे तो, उजवीकडे ती, मधली जागा दोघांच्या नजरेची. धीरजला इतका आनंद झाला की त्यानं आईचा फोटो मोबाइलवर स्टेटसला ठेवला, खाली जोडलेले दोन हात. ते हात आमचे आभार मानायला होते. पण एकट्या म्हातारीचा एवढा सुंदर फोटो आणि खाली जोडलेले हात, लोकांनी काय समजायचं? स्टेटस ठेवून हा गेला रात्रपाळीला, फोन वॉर्डाच्या कपाटात.

सकाळी मी दुकान उघडते तर फ्लेक्स बनवणारा दारात. म्हणाला, वहिनी, रुख्माबाईचा तो फोटो द्या, श्रद्धांजलीचा बॅनर करायचा आहे. आम्ही शटर अर्धवट ओढलं आणि तसेच धावलो. पाहतो तर काय, रुख्माबाई अंगण झाडतेय. समोर आठ-दहा माणसं रुमाल हातात घेऊन खाली मान घालून उभी, आणि ती त्यांना म्हणतेय, सरका जरा, तिथलं झाडायचं राह्यलं.

तेवढ्यात रिक्षातून नत्थूजी उतरला. पुलगावची पहिली एसटी पकडून आला होता. एका हातात झेंडूचा हार, दुसऱ्या हातात साडीची पिशवी. आमच्याकडे बाईची शेवटची साडी माहेरून यावी लागते, ती भावानं आणायची. रिक्षातूनच त्याचं रडणं सुरू होतं. माणसं बाजूला झाली आणि त्याला बहीण दिसली, हातात खराटा. पिशवी पडली, साडी बाहेर आली. हिरवीगार, मोठ्या काठाची.

“काय आनलं रे?” रुख्माबाईनं विचारलं. आणि तिला दिसलंच काय आणलं ते. मला वाटलं आता ही भावाचं काय करते. तिनं साडी उचलली, झटकली, काठ उलटून पाहिला.

“माहेरचं लुगडं जित्तेपणी अंगावर पडलं, कोनाले भेटते असं?” ती म्हणाली. आणि आत जाऊन नेसूनच आली.

नत्थूजी घरात जाऊन भिंतीसमोर उभा राहिला. हार हातात, एकदा तानबाकडे पाही, एकदा बहिणीच्या फोटोकडे. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, “प्रफुलभाऊ, हार कोनाले घालू? दोघंही जित्तेच दिसून राह्यले.” नवऱ्याचे डोळे भरलेले मी त्या दिवशी पाहिले, आणि तसं त्यांना सांगूनही टाकलं.

निघताना रुख्माबाईनं दारात, हिरव्या साडीत, आपला फोटो काढून घेतला. संध्याकाळी दुकानात मी तो कॉम्प्युटरवर उघडला. बाई दाराच्या उजेडात हसतेय, आणि काठावर अर्धा नत्थूजी आलाय, गळ्यात स्वतःच घातलेला झेंडूचा हार, एका हातानं मिशीवरचं पाणी पुसतोय. माऊस माझ्या हातात होता. मी नत्थूजीला कापला नाही.